उशीच्या मापाचं जहाज

"जगात असा प्रश्नच नाही, जो टेप लावून मोजता येत नाही!"

मिस्तरींनी हे वाक्य टाकलं तेव्हा त्यांच्या तोंडात एकही खिळा नव्हता. एरवी हा माणूस दोन-चार खिळे ओठांत धरून तोंडाच्या कोपऱ्यातून बोलणारा. खिळे बाजूला ठेवून बोलतोय म्हणजे प्रकरण गंभीर! बायकोनं हातातला चहाचा कप खाली ठेवला.

मिस्तरींची बायको शाळेत भूगोल शिकवायची. त्यामुळे अख्खी गल्ली त्यांना 'बाई' म्हणायची, आणि आपणही तेच म्हणू. बाईंनी आयुष्यभर छडीच्या टोकानं मुलांना महासागर दाखवले. स्वतः मात्र समुद्र पाहिला तो फक्त नकाशात. निळा, गुळगुळीत आणि वरच्या कोपऱ्यात फाटलेला. त्यांच्या स्वयंपाकघरात एका जुन्या कॅलेंडरचं चित्र होतं. दोन अल्बाट्रॉस पक्षी, समोरासमोर, चोचीला चोच लावून उभे. कॅलेंडरचं वर्ष केव्हाच संपलं, चित्र तेवढं भिंतीवर राहिलं.

"हे पक्षी महिनोन्‌महिने समुद्रावर एकेकटे उडत असतात," बाई भाजी चिरता चिरता सांगायच्या. "आणि दरवर्षी त्याच बेटावर, त्याच जोडीदाराकडे परत येतात. इतक्या दिवसांनी भेटल्यावर ओळख पटायला नको का? म्हणून नाचतात. मान झुकवतात, डुलतात, टकटक चोच वाजवतात. एकदा डोळ्यांनी बघायचंय हो मला."

"वा!" मिस्तरी म्हणायचे आणि पेन्सिलीला टोक काढायला लागायचे.

आता बाई निवृत्त झाल्या, आणि ठरलं. जायचं! त्या पक्ष्यांच्या बेटांवर जायचं! प्रश्न एवढाच होता, की कसं?

सहलीच्या ऑफिसातली पोरगी मोठी हुशार होती. तिनं टेबलावर दोन रंगीत पुस्तिका पसरल्या. "काका, काकू, दोन प्रकार आहेत. पहिला, जमिनीवरची सहल. मोठ्या बेटावर हॉटेलात राहायचं, सकाळी छोट्या बोटीनं जवळच्या बेटांवर जायचं, संध्याकाळी परत. दुसरा, जहाज. जहाजावरच झोपायचं. रात्रभर जहाज चालतं आणि रोज सकाळी नवं बेट."

"जमीन!" मिस्तरी म्हणाले. तिचं वाक्य अजून पुरतं संपलंही नव्हतं.

"अल्बाट्रॉस कुठं दिसतो?" बाईंनी विचारलं.

"तो सगळ्यात लांबच्या बेटावर, काकू. तिथपर्यंत दिवसाच्या बोटी पोचत नाहीत. तिथं फक्त जहाज जातं."

"पूल वगैरे नाही का?" मिस्तरींनी विचारलं.

पोरीनं त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. भिंतीवरच्या जगाच्या नकाशानंही बहुधा पाहिलं असावं.

"सोमवारपर्यंत सांगा," पोरगी म्हणाली. "जहाजावर आता एकच केबिन उरलीय."

आता मिस्तरींचा स्वभाव सांगायला हवा. त्यांची कामाची एक पद्धत होती. गिऱ्हाइकानं कपाट सांगो की ओटा, आधी स्वस्तातल्या प्लायवूडचा पूर्ण मापाचा नमुना करायचा, गिऱ्हाइकाला तो वापरायला लावायचा आणि मगच खऱ्या लाकडाला करवत. ओट्याच्या नमुन्यासमोर त्यांनी बायकांना हवेत फोडण्या द्यायला लावल्या होत्या. एका गृहस्थाला जिन्याच्या नमुन्यावरून आठवडाभर चढ-उतर करायला लावलं. शेवटी त्या माणसानं तळमजल्यावरच राहायचं ठरवलं! गिऱ्हाइकं कुरकुरायची, पण मिस्तरींचं काम कधी चुकलं नाही.

तर मिस्तरींनी जाहीर केलं, "हॉलमध्ये जहाजाची केबिन बांधतो. पूर्ण मापाची. रविवारी आत बसून बघू. आवडली तर जहाज, नाही आवडली तर जमीन. वादच नको!"

हे ऐकून बाईंचा धाकटा भाऊ खुर्चीतून उठून उभाच राहिला. याला सगळे कप्तान म्हणत, कारण एकदा त्यानं तळ्यात पायडलची बोट चालवली होती आणि ती बुडाली नव्हती. "दाजी, काय डोकं आहे तुमचं! अहो जहाजासारखं सुख नाही! समुद्राचं वारं, सकाळी डोळे उघडावेत तर समोर नवं बेट! जमिनीवर काय, जमीन तर इथंही आहे!"

मिस्तरी हसले. त्यांची वरची कवळी हलकेच वाजली. टक.

ती कवळी खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी बसवली होती आणि ती जराशी सैल होती. एरवी गप्प असायची. फक्त मिस्तरी घाबरले की आपोआप वाजायची. मुलीच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्याच्या व्हरांड्यात ती अशी काही वाजली होती, की नर्सनं येऊन 'कुणीतरी टायपिंग बंद करा' म्हणून बजावलं. पण आत्ताची ती टक कप्तानाच्या आवाजात बुडून गेली.

मिस्तरी कामाला लागले. पुस्तिकेत केबिनचा फोटो होता, मापं कुठंच दिली नव्हती. पण मिस्तरींना त्याचं काय! फोटोत पलंगावर एक उशी होती. मिस्तरींनी घरातली उशी मोजली, फोटोतली उशी मोजली, कागदावर त्रैराशिक मांडलं आणि म्हणाले, "उशी ही जगात सगळीकडे सारखीच!" उशीवरून पलंग, पलंगावरून भिंत, भिंतीवरून दार. बघता बघता हॉलमध्ये केबिन उभी राहिली. बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं असं काम! वर-खाली दोन बर्थ, गोल खिडकी, कडीचं दार. खिडकीबाहेर समुद्र हवा म्हणून बाईंनी शाळेतला जुना नकाशा टांगला. आणि जहाज हलतं, म्हणून डुलत्या खुर्चीला असतात तशा दोन भल्यामोठ्या बाकदार फळ्या मिस्तरींनी खाली बसवल्या. बाहेरून लांब दांडा ओढला की केबिन अशी डुलायची, की गोल खिडकीतला महासागर खालीवर व्हायचा!

फक्त ती जरा अरुंद होती. जरा म्हणजे, आत शिरताना पोट आधी पाठवायचं की पाठ, हे ठरवावं लागायचं.

"जहाज म्हणजे असंच असतं," मिस्तरी समाधानानं म्हणाले. "बघ बाई, तूच बघ. यात राहता येईल का?"

रविवार उजाडला. कप्तान पांढरी टोपी घालून हजर झाला. बाई खबरदारी म्हणून एक बादली घेऊन खालच्या बर्थवर बसल्या. नमुना स्वतः वापरल्याशिवाय बोलायचं नाही हा मिस्तरींचाच नियम, त्यामुळे त्यांनाही आत जावं लागलं. ते वरच्या बर्थवर चढले. दार लागलं. कप्तानानं बाहेरून दांडा धरला.

"जहाज सुटलं!" तो ओरडला.

पहिल्या दोन झोक्यांत बाई खुदकन हसल्या. तिसऱ्या झोक्याला वरून आवाज आला. टक. टक टक.

"अहो, बरं आहे ना?"

"उत्तम!" वरून उत्तर आलं. टकटकटक.

"वादळ आलं!" कप्तान बाहेरून ओरडला. त्याच्या अंगात आता समुद्र संचारला होता. त्यानं दांडा दोन्ही हातांनी गदागदा ओढायला सुरुवात केली.

घरातली फरशी नुकतीच पुसलेली. केबिन एका झोक्यात पुढं, दुसऱ्या झोक्यात आणखी पुढं, असं करत करत हॉलभर चालायला लागली. खुर्ची आडवी झाली. फुलदाणी गेली. कप्तान दांड्याला लोंबकळत तिच्यामागून धावतोय, आणि केबिन आपली डौलात निघालीय! शेवटी ती धाडकन घराच्या मुख्य दाराला जाऊन भिडली. केबिनचं दार बाहेर उघडणारं, घराचं दार आत उघडणारं. दोन्ही दारं एकमेकांना नाक लावून उभी! ना आतलं माणूस बाहेर येईल, ना बाहेरचं आत.

खाली दातांचे डॉक्टर एका रोग्याच्या दाढेत यंत्र फिरवत होते. वरून छत धडधडायला लागलं तशी त्यांनी यंत्र काढलं, रोग्याला 'तोंड उघडंच ठेवा' म्हणून सांगितलं आणि जिना चढून वर आले. दारावर थाप मारली.

"काय चाललंय वर?"

आतून बाईंचा आवाज आला, "धरा, धरा, बादली धरा! सगळं बाहेर येतंय!"

"पाणी शिरलंय का?" डॉक्टर ओरडले.

कप्तान अजून वादळातच होता. "समुद्रात पाणी असणारच! अजून खरी लाट आलीच कुठं!"

झालं! डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. गच्चीवरची टाकी फुटली, हे त्यांच्या मनानं घेतलं. 'टाकी फुटली, टाकी फुटली' करत ते जिना उतरले. त्यांच्या ओरडण्यानं समोरचं घर बाहेर आलं, शेजारचं घर बाहेर आलं. कुणी गादी उचलली, कुणी टीव्ही. एका आजोबांनी फक्त आपली चप्पल उचलून छातीशी धरली. कुणीतरी अग्निशमन दलाला फोन केला. आणि या सगळ्यांच्या मधोमध तो दाढवाला रोगी, गळ्यात कागदी लाळेरं, तोंड उघडं, आत कापूस! काहीतरी महत्त्वाचं सांगत असल्यासारखा, "आं! आं!"

बंब आला. शिडी लागली. एक जवान खिडकीतून डोकावला आणि तिथंच थांबला.

"काय आहे रे वर?" खालून त्याच्या साहेबांनी विचारलं.

"साहेब," तो खाली वाकून म्हणाला, "वर जहाज आहे."

ते ऐकून अख्ख्या गल्लीनं माना वर केल्या. आजोबांनी चप्पल खाली ठेवली.

जवानांनी आत उतरून केबिन मागे ढकलली. दार उघडलं. आधी बाई बाहेर आल्या, मग बादली, मग मिस्तरी. मिस्तरींचा रंग जुन्या तांब्याच्या भांड्याला चढतो तसा हिरवा झाला होता. स्वतःच्या घरात, स्वतःच्या फरशीवर, कोरड्या जमिनीवर त्यांना बोट लागली होती! त्यांनी भिंत धरली. ऐकू येत होती ती फक्त कवळी. टकटकटकटक.

गल्लीनं मात्र त्यांच्याकडे पाहिलंच नाही. सगळे केबिनभोवती जमले होते. कुणी बर्थवर हात फिरवत होतं, कुणी खिडकीतून महासागर बघत होतं. "एक चक्कर मिळेल का?" अग्निशमनच्या साहेबांनी हळूच विचारलं. मग रांग लागली. डॉक्टरही बसले. रोगीही बसला आणि उतरताना म्हणाला, "आं!" ते कौतुकच असावं.

लोक पांगल्यावर बाई मिस्तरींच्या शेजारी येऊन बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मिस्तरींना वाटलं.

"तुम्हाला समुद्राची भीती वाटते," बाई म्हणाल्या. "मला आधी का नाही सांगितलंत?"

"भीती कुणाला! मी केबिनच्या मापाचा विचार..." टक.

"राहू दे. आपण जमिनीवरची सहल करू. कासवं दिसतील ना तिथं, माणूस बसेल एवढी मोठी. मला कासवंही आवडतात." आणि त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या.

संध्याकाळी मिस्तरी पाणी प्यायला उठले. भिंतीवर चित्र नव्हतं. जिथं चित्र होतं तिथं एक स्वच्छ चौकोन राहिला होता, बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ. खिळाही बाईंनी काढून ओट्यावर ठेवला होता, नवऱ्याला पुन्हा कामाला येईल म्हणून. मिस्तरींनी तो खिळा हातात घेतला. आयुष्यात त्यांनी हजारो खिळे ठोकले, पण हा एवढासा खिळा त्यांना फार जड वाटला. माझ्या एका कवळीपायी हिनं समुद्र सोडला, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

सोमवारी सकाळी ते सहलीच्या ऑफिसात गेले. आत कप्तान बसला होता! पांढरी टोपी मांडीवर घेऊन.

"तू इथं कसा?"

कप्तान दचकला. "दाजी, मीही म्हटलं, जाऊन यावं. ताईसोबत. त्याच आठवड्यात."

"वा! जहाजानं?"

"छे हो! जमिनीवरची घेतली. कसंय दाजी, मला झुल्यावरसुद्धा गरगरतं. आणि त्या तळ्यात तर," त्यानं आवाज खाली आणला, "पाणी गुडघ्याएवढं होतं."

मिस्तरींनी कपाळावर हात मारला. मग ते टेबलाकडे वळले, टेबल घट्ट धरलं आणि एका दमात म्हणाले, "ती शेवटची केबिन आम्हाला द्या." कवळी एवढी वाजली, की पोरीनं विचारलं, "काका, थंडी वाजतेय का?"

घरी येऊन त्यांनी ओट्यावरचा खिळा घेतला आणि चित्र परत भिंतीवर लावलं. एक खिळा पुरला असता. त्यांनी चार ठोकले.

मग सुरू झाला रियाज. रोज चहा झाला की मिस्तरी केबिनमध्ये शिरायचे आणि बाई बाहेर खुर्ची टाकून, एका हातात वर्तमानपत्र आणि एका हातात दांडा घेऊन बसायच्या. सुरुवातीला बादली लागायची. पुढं नुसताच टॉवेल. मग एक दिवस आतून आवाज आला, "अगं, जरा जोरात ओढ!" डॉक्टरांनी खाली दवाखान्याची वेळच बदलून घेतली. गल्लीतली माणसं संध्याकाळी येऊन चौकशी करायची, "आज कुठपर्यंत पोचलं जहाज?" आणि बाई नकाशावर बोट ठेवून एकेक सागर पुढं सरकवायच्या. जाण्याच्या आदल्या दिवशी मिस्तरी पुऱ्या वादळात वरच्या बर्थवर घोरत पडले होते. बाईंनी दांडा सोडला तेव्हा त्यांना जाग आली. "थांबवलंस का?" म्हणून त्यांनी चक्क तक्रार केली!

आणि निघाले. विमानानं मोठ्या बेटावर, तिथून जहाजावर. केबिनचं दार उघडलं आणि मिस्तरी उंबऱ्यातच खिळून राहिले. केबिन केवढी! आत दोघांना नाचता आलं असतं! त्यांनी घाईघाईनं टेप काढली आणि पहिल्यांदा उशी मोजली. उशी होती की लोड! पलंगाच्या अर्ध्याला पुरेल एवढी. उशी जगात सगळीकडे सारखी नव्हती!

"उशीनं दगा दिला," मिस्तरी पुटपुटले.

"बरंच झालं," बाई म्हणाल्या. "कपाटात राहायची सवय झालीय, आता महालात मजेत राहू."

रात्री जहाज हललं. बाकीचे प्रवासी पडदे धरून, लिंबं हुंगत, देवाला हाका मारत पडले होते. मिस्तरी डेकवर उभं राहून विचारत होते, "सुटलं का?" आमच्या हॉलमधल्या वादळापुढं हा समुद्र म्हणजे पाळणा, असं त्यांनी खानसाम्याला सांगितलं, आणि त्याच्याकडून दुसऱ्यांदा जेवून घेतलं.

पण पुढच्या सकाळपासून मिस्तरींची बढाई बंद झाली. किनाऱ्यावरच्या काळ्या खडकांवर काळे सरडे, एकावर एक, हाताच्या लांबीचे, आणि त्यातला एक शांतपणे उठतो काय, लाटेत शिरतो काय आणि पोहायला लागतो काय! सीलसारखे जाडजूड समुद्रसिंह वाळूत लोळताहेत, माणूस जवळून गेला तरी एक डोळा उघडून बघताहेत आणि परत मिटून घेताहेत. एक पक्षी वाटेतच उभा. त्याचे पाय निळे! शाईत बुडवल्यासारखे! त्यानं एक पाय उचलून मिस्तरींना दाखवला, मग दुसरा.

"घाबरत कसे नाहीत हे?" मिस्तरी हळूच म्हणाले.

"यांना आपण कधी त्रास दिला नाही, म्हणून," वाटाड्या म्हणाला.

एका बेटावर कासव भेटलं. मिस्तरी त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि किती तरी वेळ उठेनात. "अगं, बघ हा सांधा," ते म्हणाले. "एवढ्या मोठ्या घुमटाला सांध्याला सांधा भिडलाय. ना खिळा, ना सरस. आणि माझ्याहून म्हातारं आहे हे, तरी कुठं फट नाही!" बाईंनी बघितलं तर नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढ्या वर्षांत स्वतःच्या कामाचं कौतुक त्यांनी पुष्कळ केलं होतं. दुसऱ्याच्या कामाचं हे पहिलंच.

शेवटी ते लांबचं बेट आलं. आदल्या रात्री समुद्र फार खवळला होता. जहाजावर वाटाड्यासकट सगळे आडवे, आणि मिस्तरी बाळासारखे झोपलेले. सकाळी छोट्या होडीतून ते खडकावर उतरले, पहिलं पाऊल टाकलं, आणि बेट हललं!

त्यांनी दुसरं पाऊल टाकलं. बेट पुन्हा हललं. हॉलमध्ये डुलले, समुद्रावर डुलले, आता स्थिर जमीन पायाखाली येताच त्यांचं अंग काही थांबायला तयार नाही! "अगं, धर मला," ते म्हणाले, पण बाई केव्हाच पुढं गेल्या होत्या.

गवताच्या मोकळ्या पट्ट्यावर एक अल्बाट्रॉस उभा होता. चित्रातला होता तसाच. पिवळी चोच, काळे शहाणे डोळे. तो आभाळाकडे बघत होता. आणि आभाळातून दुसरा आला. जमिनीजवळ येताना त्यानं पंख मिटले, घडीची मोजपट्टी मिटावी तसे, एक घडी, दुसरी घडी, तिसरी. धडपडला, सावरला आणि चालत चालत पहिल्यासमोर येऊन उभा राहिला. किती तरी वेळ दोघं नुसते बघत राहिले. मग एकानं मान झुकवली. दुसऱ्यानं झुकवली. दोघं डावीकडे डुलले, उजवीकडे डुलले, चोची आभाळाकडे उंच केल्या आणि टकटकटकटक! सगळं बेट त्या आवाजानं भरून गेलं. कुणी फोटो काढला नाही. बाईंनी दोन्ही हात तोंडावर धरले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. नकाशातल्या एवढ्या मोठ्या निळ्या जागेतून या दोघांनी एकमेकांना शोधून काढलं होतं.

आणि मागून आवाज आला. टकटकटकटक.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मिस्तरी गवतात फतकल मारून बसले होते. जमीन हलतेय म्हणून ते डावीकडे झुकत होते, तोल सावरायला उजवीकडे झुकत होते, भीतीनं मान खाली जात होती आणि कवळी वाजत होती. आणि त्यांच्यापुढं एक तिसरा अल्बाट्रॉस येऊन उभा होता!

"कुणी हलू नका," वाटाड्या कुजबुजला. "तरुण आहे. जोडीदार शोधतोय."

पक्ष्यानं मिस्तरींना मान झुकवली. मिस्तरींचा तोल गेला, त्यांचीही मान झुकली. पक्षी डुलला. मिस्तरी डुलायचे थांबलेच कुठं होते! पक्ष्यानं चोच वाजवली. कवळी म्हणाली, टकटकटक! पक्ष्यानं मोठ्या आदरानं आणखी एक पाऊल पुढं टाकलं.

"अगं, हे काय करतंय?" मिस्तरी ओठ न हलवता म्हणाले. "नर आहे की मादी?"

"ते त्यांनाच माहीत," वाटाड्या म्हणाला.

"अहो!" बाई डोळे पुसत म्हणाल्या. "एवढा समुद्र ओलांडून आले, ते ही सवत बघायला?"

पक्ष्यानं मिस्तरींच्या टोपीला चोच लावली, हुंगली, आणि त्याचा भ्रमनिरास झाला असावा. तो वळला आणि एकदाही मागे न बघता निघून गेला. तेव्हा कुठं सगळे हसले. बाई मात्र येऊन मिस्तरींच्या शेजारी गवतात बसल्या. मिस्तरी अजून डुलतच होते. बाईंनी त्यांच्यासमोर मान झुकवली, डावीकडे डुलल्या, उजवीकडे डुलल्या आणि जिभेनं टाळूवर आवाज केला. टक.

मिस्तरी बघतच राहिले. "ओळख पटली का?" त्यांनी विचारलं.

"पटली," बाई म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर मोठ्या बेटाच्या धक्क्यावर कप्तान भेटला. बाकावर एक समुद्रसिंह पसरून झोपला होता आणि कप्तान त्याच्याजवळ खाली जमिनीवर बसला होता, टोपी काढून, देवळात बसावं तसा. "ताई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "सकाळपासून हा असाच झोपलाय. मला उठवतच नाही."

घरी आल्यावर सहलीच्या ऑफिसातली पोरगी भेटायला आली. हॉलमध्ये केबिन होती तशीच उभी होती, कारण ती बांधताना मिस्तरींनी सगळं मोजलं होतं, फक्त घराचं दार मोजायचं राहिलं होतं! पोरीनं केबिनला वळसा घातला आणि खुर्चीत बसली.

"काका, तुम्ही जाऊन आलात. आता पुढच्या लोकांनी विचारलं तर मी काय सांगू? जमीन की जहाज?"

मिस्तरींनी दोन्ही हातांनी भिंत घट्ट धरली.

"जहाजच सांग, पोरी," ते म्हणाले. "जमीन फार हलते!"